आत्याचं किरमिजी लुगडं

अंबडच्या आत्याकडे महालक्ष्म्या बसतात आणि नैवेद्याचं पुरण तिच्याच हातचं लागतं. ते करताना ती आपलं लग्नातलं रेशमी लुगडं नेसते, सोवळ्यातलं. त्याच्या रंगाला ती किरमिजी म्हणते. हा रंग नेमका कोणता, यावर घरात एकमत नाही. वहिनी, म्हणजे आत्याची सून, डाळिंबी म्हणते. माझी बायको राणी कलर. मला तो लालभडक दिसतो, पण मी एका पायात काळा आणि एका पायात निळा मोजा घालून लग्नं उरकलेली आहेत.

यंदा जेवणाच्या दिवशी सकाळीच पोचलो. बसमध्ये मोबाइलवर या शब्दाचं मूळ वाचलं होतं, आणि वाचलेलं पोटात ठेवणं मला जमत नाही.

"आत्या, किरमिजी शब्द फारसीतून आला. तिकडे तो म्हणे संस्कृतातल्या 'कृमिज'वरून गेला. पूर्वी किडे वाळवून, कुटून हा रंग काढायचे."

दोरीवरच्या लुगड्याकडे गेलेला आत्याचा हात थांबला.

"किडे?"

"बारीक असायचे," मी धीर दिला.

"अन् मी इतकी वर्षं किडे नेसून देवीचं पुरण वाटून राह्यले?"

आत डाळ शिजून तयार होती. वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही दुपारून आला असता तर?"

मी सावरायला गेलो. "तुझ्या लुगड्याचा रंग कारखान्यातलाच असेल गं."

"म्हणजे माझ्या आईनं नकली घेतलं?"

शेवटी वहिनीच बोलली, "आई, रेशीम तरी कुठून येतं? किड्याचंच की."

"ते ठाऊक आहे मला. रेशीम विटाळत न्हाई."

"मंग रेशमाचा किडा चालतो, अन् रंगाचा न्हाई?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेला. मी खिशातून मोबाइल काढला.

तिनं लुगडं दोरीवरून ओढलं. "लुगडं बराबर आहे. ह्या पोराचंच बिघडलंय. जा, आंघोळ कर. त्याबिगर स्वयंपाकघराकडं फिरकू नको."

"मी घरून करून आलोय."

"तोंडाची केली का? आल्यापासून किडे, किडे!"

पन्नाशीचं पोर न्हाणीत गेलं. पाणी गार. रेशमाचा किडा चालला, रंगाचाही चालला, मग मी नेमकं काय धुऊन राह्यलो होतो, ते कळेना. पण तेवढ्यात आत पाट्यावर वरवंटा फिरल्याचा आवाज आला, आणि मी मुकाट्यानं आणखी दोन तांबे अंगावर ओतून घेतले.