अर्धी तुराटी

मोतीबाईचं पाणी आटवणं हा लिंबाच्या तांड्यात चेष्टेचा विषय होता आणि अभिमानाचाही. मानोऱ्याहून पोहरादेवीकडे जाताना मध्येच आत वळलं की हा तांडा लागतो. इथल्या दोन पिढ्या मोतीबाईच्या हातावर जन्मल्या. लहानथोर सगळे तिला याडीच म्हणत. याडी म्हणजे आई. बाई तोंडानं फटकळ. कुणाच्या घरी बाळंतीण असली की ती न बोलावता जायची, चुलीपाशी ठाण मांडायची आणि सगळ्यांना कामाला लावायची.

पाण्याची तिची रीत ठरलेली होती. पितळी गंज, म्हणजे उभं पातेलं, भरून चुलीवर ठेवायचा. त्यात एक तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, उभी बुडवायची. जिथवर ओली झाली तिथं मोडायची आणि तो ओला तुकडा पुन्हा बरोबर मधोमध मोडायचा. मग ती अर्धी तुराटी घेऊन बसायचं आणि मधूनमधून गंजात उभी करून पाहायचं. पाणी तिच्या टोकाशी आलं की गंज उतरवायचा. पाण्यातली घाण वाफेबरोबर उडून जाते आणि खाली निव्वळ पाणी उरतं, अशी तिची पक्की समजूत होती. ती कुणी शिकवली नव्हती, पण तिला फळ आलं होतं. वीस-बावीस वर्षांपूर्वी तांड्यात हगवणीची साथ आली. ज्या घरांत मोतीबाईचं आटवलेलं पाणी पोचलं त्या घरांतलं एकही लेकरू गेलं नाही. तेव्हापासून घरोघरी चुलीच्या कोनाड्यात अर्धी तुराटी दिसू लागली. आरोग्यसेविका निता सिस्टर पहिल्यांदा तांड्यावर आली तेव्हा ती पाहून हसली होती. "याडी, पाच मिनटं उकळलं तरी पुरते," ती म्हणाली. मोतीबाईनं तिला चहा पाजला आणि सांगितलं, "तुये पाच मिनटं तुयापाशी ठेव, बाई."

तेव्हा पाणी टेकडीच्या झऱ्याचं होतं. पुढे टेकडीला खदान लागली. रोज दुपारी सुरुंग उडायचे आणि खडी फोडायच्या यंत्राची पांढरी भुकटी घरांवर, कपाशीवर, वाळत घातलेल्या मिरच्यांवर बसायची. तांड्यातली म्हातारी माणसं रात्रंदिवस खोकू लागली. मोतीबाईचा नवरा रामधन दोन वर्षं खोकून खोकून गेला. आणि एका उन्हाळ्यात झरा जो आटला तो पुन्हा आलाच नाही. सुरुंगांनी त्याची वाट मोडली, असं सगळे म्हणाले. कुणाला विचारायचं, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

मग उरली ती खालच्या अंगाची विहीर. तिच्या तीन बाजूंना शेतं, आणि वरच्या बाजूला तांड्याचा नाईक हेमसिंग याचा संत्र्याचा बगीचा. पावसाळा लागला की सगळीकडे युरियाची पोती फुटायची. एकानं दोन टाकली की शेजारी तीन टाकणार, मग पिवळं पडलेलं रान हिरवंगार दिसणार. त्यावर मोठा पाऊस झाला की सगळं धुपून उताराला, म्हणजे विहिरीकडे. उकिरडेही उतारालाच. मधल्या काळात घरोघरी नळ आले, मोठा कार्यक्रम झाला, नारळ फुटला. नळाला पाणी त्याच विहिरीचं. पाणी शुद्ध करायचं यंत्रही बसलं होतं. ते सहा महिने चाललं, मग बिघडलं, आणि त्याच्या खोलीत आता शेळ्या बसतात.

गेल्या जेठात मोतीबाईची सून मंजू बाळंत झाली. पोरगी झाली, जावळ एवढं दाट की मोतीबाई म्हणाली, "ही तर फणी घेऊनच आली पाह्यजे होती." रीतीप्रमाणे जळवा झाला. बाळंतीण पहिल्यांदा पाण्यावर जाते, पाण्याला कुंकू वाहते आणि लेकराला सांभाळ म्हणून हात जोडते, तो जळवा. मोतीबाईनं मंजूला त्याच विहिरीवर नेलं, थाळीतलं कुंकू पाण्यात सोडलं आणि नातीच्या कपाळाला ओलं बोट लावलं. त्या दिवशी ती फार सुखात होती.

मंजूला दूध कमी. ऊसतोडीवरून पोटुशी आली तीच वाळून आली होती. तालुक्याच्या डॉक्टरनं डब्याची पावडर लिहून दिली आणि पाणी उकळून वापरा म्हणून सांगितलं. हे ऐकून मोतीबाईची छाती फुगली. म्हणजे डॉक्टरही तिच्याच वाटेवर आला होता. नातीच्या पाण्याला तिनं दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. गंज, चूल, अर्धी तुराटी, सगळं तिचंच.

पोळ्याच्या आधी आठ दिवस सतत पाऊस लागला. तो उघडल्यावर पोरीचे ओठ काळसर दिसू लागले. मग नखं. मोतीबाईला वाटलं, गारठा आहे. तिनं पोरीला शेकलं, गुंडाळलं. पोरगी रडेना, नुसती कण्हायची. मंजू घाबरली तेव्हा मोतीबाई म्हणाली, "पानी कच्चं राह्यत असंन. पावसाचं गढूळ हाय नं. मी अजून आटवतो." आणि तिनं अर्ध्या तुराटीचेही दोन तुकडे केले. दोन दिवस पोरीला पाव तुराटीचं पाणी पाजलं.

तिसऱ्या सकाळी पोरगी शिशासारखी काळीनिळी झाली. मोतीबाईचा मुलगा बादल यानं गाडी आणली आणि तिघांनी तिला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं सुई लावून रक्त काढलं आणि नळी उजेडात धरली. मोतीबाईचं सगळं आयुष्य रक्तात हात घालण्यात गेलं होतं, पण असं रक्त तिनं पाहिलं नव्हतं. काकवीसारखं तपकिरी.

"पाणी कुठलं देता?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

"विहिरीचं. पन आटवून देतो, बाई. पाक आटवून," मोतीबाई म्हणाली. दवाखान्यातही तिच्या आवाजात तो अभिमान होताच.

डॉक्टरीणबाईनं नळी खाली ठेवली. मग तिनं हळू आवाजात सांगितलं, आणि तिचा दोष नाही, ती समजावूनच सांगत होती. उकळल्यानं जंतू मरतात, पण खताचं विष मरत नाही. ते विष तान्ह्या लेकराच्या रक्ताला लागतं, मग रक्तातून अंगाला हवा पोचत नाही. "आजी, मीठ घातलेलं वरण आटलं तर मीठ उडतं का? उलट खारट होतं ना? तसंच हे. पाणी अर्धं केलंत, म्हणजे विष दुप्पट केलंत."

मोतीबाईनं पन्नास वर्षं चूल पेटवली होती. आटलेलं वरण खारट होतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ते तिला रोज माहीत होतं.

पोरगी संध्याकाळी गेली. औषध देईतो तिच्यात घ्यायला काही उरलंच नव्हतं. परतताना मंजू सासूला एकच बोलली, "याडी, तुमी मले हात लावू दिला नाई." त्यानंतर ती बोललीच नाही. दसरा झाला आणि नवराबायको टोळीबरोबर ऊसतोडीला निघून गेली. मोतीबाई घरात एकटी उरली. तिनं कोनाड्यातली तुराटी चुलीत घातली. आपल्या हातानं आपण नात मारली, हे ती स्वतःशी मोठ्यानं म्हणायची. कुणी नाही म्हणायला जवळ नव्हतं.

निता सिस्टरनं पाण्याची बाटली तपासायला पाठवली. मग दोन माणसं आली आणि विहिरीच्या कठड्यावर लाल रंगानं 'पिण्यास अयोग्य' असं लिहून गेली. झालं ते एवढंच. दुसरं पाणी कुणी आणलं नाही, आणि युरिया टाकायचा कुणी थांबला नाही. पण त्या लाल अक्षरांनी बायका धास्तावल्या. आणि धास्तावलेल्या बायकांनी काय केलं असेल? त्या जास्तच आटवू लागल्या. याडीनंच शिकवलं होतं ना.

मोतीबाई दारोदार फिरली. "आटवू नका वं, त्यानं मरते लेकरू!" कुणी ऐकून घेतलं, कुणी पदर तोंडाला लावला. जिनं आयुष्यभर आटवा म्हणून डोकं खाल्लं तीच आता आटवू नका म्हणते, म्हणजे नातीच्या दुःखानं बाई डोक्यातून गेली. हेमसिंग नाईक तर समजुतीनं म्हणाला, "घरी जा, याडी. आराम कर."

दिवाळीच्या तोंडावर शेजारची योगिनी बाळंत झाली. अंगावरचं दूध पुरत नव्हतं. मोतीबाईला कुणी बोलावलं नाही. ती तरीही गेली. दारातूनच तिला चुलीवरचा गंज दिसला, आणि योगिनीच्या हातात अर्धी तुराटी. मोतीबाई आत घुसली आणि उकळतं पाणी तिनं चुलीत ओतून दिलं. राख उसळली, खोली धुरानं भरली, लेकरू रडू लागलं.

योगिनी ओरडली नाही. वाईट हेच की तिनं नीट ऐकून घेतलं. मीठ, वरण, काकवीसारखं रक्त, सगळं. मोतीबाईला वाटलं, निदान एक घर तरी वाचलं. तिनं योगिनीच्या पाठीवरून हात फिरवला.

"पटलं, याडी," योगिनी म्हणाली. "आटवत नाई. कच्चं देलं तरी विष हाय आन हगवन बी हाय. मंग म्या लेकराले कोनतं पानी देऊ? थे सांगा."

मोतीबाई दारात जाऊन उभी राहिली. समोर खदानीनं अर्धी खाल्लेली टेकडी होती, खाली विहीर होती, मध्ये हिरवंगार रान होतं. लेकराचं रडणं वाढत चाललं.

मग ती परत फिरली, ओली राख उपसून तिनं चूल पुन्हा पेटवली, गंज भरून ठेवला आणि चुलीपाशी बसली. पाण्याला उकळी फुटली तशी तिनं बोटं मोजली. निता सिस्टरची पाच मिनिटं झाल्यावर गंज उतरवला, आणि योगिनीकडे न बघता म्हणाली, "एवढंच उकळत जाय. आन हे बी जास्त देऊ नको."