रोमन हरायलाच तयार नव्हते

रोमन पुन्हा जिंकले.

मी कॉफीला झाकण लावेपर्यंत जिंकले. स्क्रीनवर ब्रिटनांची सेना मुंग्यांसारखी पसरली होती, रोमन मूठभर, आणि तरी ब्रिटन पालापाचोळ्यासारखे उडाले.

"अबे शिंदे, तोंड पाडून काय बसला?" शेजारचा वानखेडे म्हणाला. "इतिहासात रोमनच जिंकले ना?"

"इतिहासात एकदा जिंकले. इथे सोमवारपासून जिंकतायत."

वानखेडे नागपूरचा, मी साताऱ्याकडचा. कॅनडातल्या वॉटर्लू गावातल्या एका छोट्या कंपनीत आम्ही दोघे कॉम्प्युटरवर लढाया लावायचो. कंपनी इतकी छोटी की एकाला शिंक आली तर सगळ्यांचे मॉनिटर पुसावे लागत. आमचं गिऱ्हाईक इंग्लंडमधले टीव्हीवाले. रोमनांनी ब्रिटन जिंकल्यावर तिथल्या ब्रिटन टोळ्यांच्या एका राणीने बंड केलं, शहरं जाळली आणि शेवटच्या लढाईत ती हरली. ती लढाई नेमकी कुठे झाली ते आजही कुणाला ठाऊक नाही. टीव्हीवाल्यांनी त्यातल्या त्यात एक दरी निवडली होती. त्या दरीत ही लढाई होऊ शकत होती का, ते आम्ही लावून दाखवायचं.

वानखेडेकडे सैनिक होते. कोण किती पळेल, कधी घाबरेल, कधी पाठ दाखवेल, हे तो लिहायचा. माझ्याकडे जमीन. तिला आम्ही टेरेन म्हणतो. सगळ्या दरीवर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीत तिथली उंची भरायची. सैनिक चौकटीत पाय ठेवतो, कॉम्प्युटर त्याला चढ किंवा उतार देतो. एकदा लढाई चालवून बघणं म्हणजे एक रन.

तो मंदीचा हिवाळा होता. गावात रोज कुणाचा ना कुणाचा लेऑफ व्हायचा. माझं वर्क परमिट याच कंपनीच्या नावावर होतं. कंपनी बसली की मी थेट विमानात. गुरुवारी टीव्हीवाल्यांचा नायजेल डेमो बघायला येणार होता. त्याने मान डोलावली तर कंपनी वर्षभर जगणार होती.

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी रोमन अर्धे केले. जिंकले. पाव केले. जिंकले. ब्रिटनांच्या पाठीशी त्यांच्या बायकापोरांनी भरलेल्या बैलगाड्या होत्या, लढाई बघायला आणलेल्या. पळणारे त्या गाड्यांत अडकून मेले असं म्हणतात. मी गाड्या काढून टाकल्या. तरी जिंकले. शेवटी रोमनांचे नुसते आचारी उभे केले, हातात पळ्या देऊन. आचाऱ्यांनीही राणीला पळवून लावलं.

आता मला संशय आला. आणि मला संशय आला की तो एका माणसावर थांबत नाही.

पहिला संशय वानखेडेवर. "तू रोमनांना काही खाऊ घातलंस का?"

"काहून बे? माझे सैनिक स्वच्छ आहेत. बघ ना कोड. तुझ्या जमिनीतच भूत असेल."

मी त्याचा कोड ओळ न् ओळ वाचला. तो बाजूला बसून संत्रं सोलत होता, आणि सालं मुद्दाम माझ्या कीबोर्डजवळ ठेवत होता. कोड खरोखरच स्वच्छ निघाला.

दुसरा संशय नायजेलवर. हा माणूस रोज इंग्लंडहून फोन करायचा आणि रोज एकच विचारायचा, "आज कोण जिंकलं?" रोमन म्हटलं की "आय सी" म्हणून फोन ठेवायचा. ज्याला उत्तर आधीच हवंय तोच माणूस असं विचारतो, अशी माझी खात्री पटली.

तिसरा संशय बॉसवर. डग सस्काटूनचा. तिकडची जमीन इतकी सपाट की कुणी विटेवर उभं राहिलं तर लोक व्ह्यू बघायला येतील. मला 'शिन' म्हणणारा डग मी जवळ गेलो की घाईने लॅपटॉप मिटायचा. हे मी मनात टिपून ठेवलं होतं.

मग मी एक केलं. कॅमेरा वरून न ठेवता एका ब्रिटन सैनिकाच्या डोळ्यात बसवला आणि त्याच्याबरोबर हल्ल्याला निघालो. समोर कडा! माणूस लढायला निघालाय की गड चढायला, कळेना. राणीचे रथ चढाच्या पायथ्याशीच रुतले. वरून रोमन निवांत भाले फेकत होते.

मी लहानपणापासून डोंगर चढलोय. एवढ्या चढावर माणूस तलवार उगारत नाही, गवत धरतो.

"चल," मी वानखेडेला म्हणालो. "कोट घाल."

ऑफिसमागच्या पार्कात पोरांची घसरगुंडीची टेकडी होती, सगळी बर्फाने भरलेली. माझ्या अंदाजाने आमच्या ब्रिटनांना साधारण एवढाच चढ मिळत होता. पार्किंग लॉटमधली बर्फ उपसायची दोन फावडी घेतली, तलवारी म्हणून.

"ओरडत चढायचं," मी सांगितलं. "ब्रिटन ओरडत यायचे."

"तू साताऱ्याचा, तू ओरड. मी नुसता चढतो बाप्पा."

अर्ध्या टेकडीवर वानखेडेने फावडं टाकलं आणि स्वतःही बसला. मी फार तर चार पावलं पुढे गेलो, पण नंतर सांगताना शिखर सर केल्याचं सांगितलं. कुत्रा फिरवणारी एक बाई खालून ओरडली, "आर यू बॉईज ओके?"

"वी आर लूजिंग, मॅम!" वानखेडे म्हणाला.

परत येऊन मी मूळ सर्व्हेच्या उंच्या काढल्या आणि आमच्या फाईलशेजारी ठेवल्या. आमची प्रत्येक उंची मूळच्या बरोबर तिप्पट होती.

इथे आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. शाळेत आपण मातीचा सह्याद्री करायचो. तो खऱ्या मापात केला असता तर पोळीला आलेल्या फोडाएवढा दिसला असता. म्हणून आपण डोंगर फुगवायचो. आम्हीही तेच करतो. त्याला व्हर्टिकल एक्झॅजरेशन म्हणतात. उंची दोन-तीन पट करायची, पण फक्त दाखवण्यापुरती. मूळ आकड्यांना हात लावायचा नाही. इथे कुणीतरी फुगवलेली दरीच मूळ फाईल म्हणून सेव्ह केली होती. चित्रासाठी केलेल्या डोंगरावर आम्ही खऱ्या मापाची माणसं मारत होतो.

मी डगच्या केबिनमध्ये गेलो. त्याने लॅपटॉप मिटला.

"डग, दरी तिप्पट कुणी केली?"

त्याने खुर्ची खिडकीकडे वळवली. मग म्हणाला, "पहिल्या प्रेझेंटेशनला ती पार्किंग लॉटसारखी दिसत होती, शिन. मी थोडी उचलली."

"आणि सेव्ह केलीस."

"केली असेन," तो मिटलेल्या लॅपटॉपवर हात ठेवून म्हणाला.

त्याच्यासमोरच मी खऱ्या उंचीवर रन लावला. राणीने रोमनांना दोन्ही बाजूंनी घेरलं आणि संपवलं. दुसरा रन, तेच. डगचा चेहरा बाहेरच्या बर्फाच्या रंगाचा झाला.

"ते तीनपट परत टाक," तो म्हणाला. "हा डेमो गेला तर आपण सगळे गेलो. तुझ्या परमिटचं मी तुला सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. 

"नायजेल त्या दरीत स्वतः गेलाय?" मी विचारलं.

"दोनदा. गमबूट घालून."

"मग त्याच्या पायांना माहीत आहे तिथे किती चढ आहे."

 तेवढ्यात वानखेडे दारातून डोकावला. "मी ब्रिटनांना थोडं सुस्त करू का? कुणाला कळणार नाही."

"मला कळेल," मी म्हणालो. खरं सांगायचं तर तत्त्व वगैरे काही नव्हतं. नायजेललाही कळेल, हीच भीती होती.

मी दरी पुन्हा पहिल्यापासून बघितली, आणि मग प्रश्न पडला की रोमनांना मुळात उभं कुणी केलं होतं? डगने. दरीच्या अर्ध्या चढावर, ओढ्याकाठी, दोन्ही बाजूंनी मोकळ्या छान हिरवळीवर. सपाट मुलखातल्या माणसाला वाटतं, लढाईत उंची जिंकते. डोंगरातल्या माणसाला विचारा. उंचीने दम लागतो, जिंकते ती अरुंद जागा. खिंड म्हटलं की मराठी माणसाला पुढचं समजावावं लागत नाही. रोमन सेनापतीनेही तसंच ठिकाण निवडलं होतं म्हणतात. पाठीशी जंगल, दोन्ही अंगांना अडसर, समोर एकच तोंड. म्हणजे शत्रू कितीही असले तरी एका वेळी थोडेच अंगावर येणार.

दरी वर जिथे दोन रानांमध्ये आवळली होती, तिथे मी रोमनांना नेलं. चढ जेमतेम. रन लावला. जिंकले. पुन्हा लावला. जिंकले, पण रक्तबंबाळ होऊन. तिसऱ्यांदा हरले!

वानखेडेने टाळी वाजवली. "हरले बे! आता खरं वाटून राहिलं."

डग डोकं धरून बसला.

गुरुवारी नायजेल आला. उंच, लालबुंद, कॅनडाच्या थंडीला पावसाळी कोट घालून आलेला. आम्ही रन लावला. रोमन जिंकले. "आय सी," तो म्हणाला. 

"गाड्या काढा," तो म्हणाला. काढल्या. ब्रिटन हरले, पण बहुतेक जण मैदानात पळून वाचले.

"आता रोमनांना खाली हिरवळीवर उभं करा."

डगने माझ्याकडे बघितलं. मी बटण दाबलं. सगळ्यांसमोर राणी जिंकली.

नायजेल खुर्चीत मागे रेलला. "मी रोज फोन का करत होतो, माहीत आहे? रोज एकच उत्तर यायचं म्हणून. मला वाटलं, तुम्ही मला आवडेल तेच दाखवताय."

म्हणजे मी त्याच्यावर संशय घेत होतो तेव्हा तो आमच्यावर घेत होता. डग एकदम पाणी प्यायला लागला.

नायजेलने करारावर सही केली. त्याची अडचण एवढीच झाली की हिरवळ शूटिंगसाठी ठरवून झाली होती, आणि माझी खिंड नेमकी शेतकऱ्याच्या डुकरांच्या गोठ्यामागे निघाली. शूटिंग तिथेच झालं. राणीने भाषण नाकाला रुमाल लावून केलं असं ऐकतो. रुमालाचं मी पदरचं घातलंय, पण वास खरा होता.

माझं परमिट वाढलं. डगने टेरेनच्या फाईलला पासवर्ड लावला, आणि तो स्वतःलाच सांगितला नाही.

या धंद्यात मी एवढंच शिकलो. काम बिनसलं की सगळेच तपासतात. सलग जमायला लागलं, की कुणी तपासत नाही; तेव्हा मी खुर्ची पुढे ओढतो.