मुशीच्या तेलावर थांबणारी गाडी

“वयनी, ब्रेक गेला,” भावजी म्हणाले. डब्यातला चुना संपला हे सांगावं तसं म्हणाले. समोर पालघरचं रेल्वे फाटक बंद होतं, डहाणूच्या बाजूने इंजिनाचा धूर दिसत होता, फाटकाशी गवताने भरलेली बैलगाडी उभी होती, आणि आमची मोटार त्या बैलगाडीच्या रोखाने सुटली होती. भावजींचा पाय पार तळाला टेकला होता. मी त्यांच्या शेजारी पोट धरून बसले होते. दिवस भरले होते, सकाळपासून कळा येत होत्या, आणि मूल आडवं आहे, घरी सुटका व्हायची नाही, असं सुईणीने सांगितलं होतं. मागच्या उघड्या डिकीत माझी नणंद बसली होती. ती नवऱ्याच्या पाठीत बुक्के मारत ओरडत होती, “आता का नाय थांबत? रोज तर नको तिथं थांबता!”

हे भावजी म्हणजे या नणंदेचे यजमान. त्यांच्यासारखा माणूस सातपाटीत झाला नाही, नवापुरात झाला नाही, आणि सगळा किनारा धुंडाळला तरी दुसरा सापडायचा नाही. उगाच कुणाची स्तुती करायची मला सवय नाही. माझा नवरा वारला तेव्हाही तो होता तेवढाच चांगला मी सांगितला, वर एक शब्द नाही. पण या माणसापुढे मी बरेचदा तोंडात बोट घालून उभी राहिले आहे, ते कबूल केलं पाहिजे.

साठ सालानंतरची गोष्ट. आमच्याकडे होड्यांना नुकती इंजिनं बसू लागली होती आणि ती इंजिनं दुरुस्त करणं हा भावजींचा धंदा. इंजिनाला ते ‘सूनबाई’ म्हणायचे. बिघडलेल्या इंजिनाशेजारी आधी नुसते उकिडवे बसून राहायचे, विडी ओढायचे आणि मग हळूच विचारायचे, “काय झाला गो सूनबाय? कोण बोलला तुला?” बघणाऱ्याला वाटावं, माणूस वेडा आहे. पण त्यांनी हात लावलेली होडी भर समुद्रात बंद पडली असं मी तरी ऐकलं नाही. कमरेला तिकोनी रुमालाचा सुरका, डोक्याला लाल रुमाल आणि डोळ्यांवर मोटार चालवायचा मोठा काळा चष्मा, असा त्यांचा वेष. तो चष्मा मोटारीबरोबर आला होता.

मोटार डहाणूच्या एका बागवाल्या पारशीबाबाची. लांबलचक नाक, दोन जणांपुरती जागा, वर छप्पर नाही. बाबाच्या तरुणपणी ती मुंबईत शर्यतीत धावायची म्हणे. म्हातारपणी बाबाने ती एका चिकूच्या झाडावर घातली आणि वर्षभर घरपोच पापलेट देण्याच्या बोलीवर भावजींच्या गळ्यात मारली. इंजिन असं, की बंदरावर सुरू झालं की आमच्या चुलीवरची भांडी वाजायची. ब्रेक मात्र जुन्या तऱ्हेचे, लोखंडी सळ्यांनी ओढायचे. त्या सळ्या झिजल्या होत्या. शिरगावला उतरायचं तर सातपाटीतच ब्रेक दाबायला सुरुवात करावी लागे. एकदा भावजी बंदरावरून घरी जेवायला निघाले ते दारावरून हात हलवत पुढे गेले, आणि नणंदेने वाढलेलं ताट परत झाकून ठेवलं. पालघरच्या बाजाराला निघालेल्या बायका गाडीचा आवाज आला की डोक्यावरच्या पाट्यांसकट शेतात उतरायच्या आणि तिथून शिव्या द्यायच्या. भावजी त्यांना चष्मा वर करून नमस्कार करायचे.

शेवटी नणंदेने सांगितलं, “ब्रेक चांगला बसवा, नायतर मी चालली माहेरी.” तिचं माहेर म्हणजे आमचं घर, समोरच्या दारात. तरी भावजी घाबरले. आमच्या सासूचा सगळ्यांनाच धाक होता.

तेव्हा तारापूरला विजेच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. ठिकठिकाणची माणसं बोईसरला येऊन राहिली होती आणि तिथे भंगाराची दुकानंही निघाली होती. तिथून भावजींनी एका मोडक्या जीपचे तेलावर चालणारे ब्रेक आणले. पायाखाली एक नळकांडं, त्यात तेल, तिथून चारही चाकांना बारीक नळ्या. पाय दाबला की तेल ढकललं जातं आणि चारी चाकं एकदम धरली जातात. आमच्या अंगणात महिनाभर हे काम चाललं. जीपचे ब्रेक त्या मोटारीच्या चाकांना बसतच नव्हते. भावजींनी कानस घेतली आणि लोखंड असं घासलं, जणू बाई नखाने नारळाची शेंडी काढतेय. जुन्या सगळ्या सळ्या काढून टाकल्या. हाताने ओढायचा ब्रेक त्याच सळ्यांवर होता, तोही गेला. मी म्हटलं, “भावजी, एक तरी राहू द्या जोडीला.” ते म्हणाले, “वयनी, सून चांगली असली का सवत आणायची नाय.”

बांधकामावरचा एक सरदारजी ड्रायव्हर काम बघायला आला होता. गाडीभोवती फिरला, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “काका, चलाओगे या उड़ाओगे?” जाताना मात्र त्याने बजावलं, “इसमें ब्रेकवाला तेल ही डालना, दूसरा नहीं. समझे?”

“समझा, समझा,” भावजी म्हणाले.

समजलं असेलही, पटलं मात्र नाही. कारण मुशीच्या तेलापेक्षा श्रेष्ठ तेल देवाने केलेलं नाही अशी त्यांची श्रद्धा होती. आमच्याकडे मुशी मासा कापला की त्याच्या काळजाचं तेल काढतात आणि ते होडीच्या लाकडाला चोळतात. लाकूड वर्षानुवर्षं टिकतं. इथपर्यंत सगळा गाव करतो. पण भावजी ते तेल दाराच्या बिजागऱ्यांना घालायचे, कुलपांना घालायचे, शिवणयंत्राला घालायचे आणि रोज सकाळी एक चमचा स्वतःलाही घालायचे. त्यांना वास यायचा तो किती, तर ते रस्त्याने निघाले की मागून मांजरं चालायची. ब्रेकच्या नळकांड्यातही त्यांनी तेच भरलं. त्या दिवसापासून मांजरं गाडीखाली निजायला लागली.

आणि ब्रेक लागला! काय लागला म्हणून सांगू. बंदराच्या रस्त्यावर भावजींनी मधोमध नारळ ठेवला, लांबून गाडी सोडली, आणि चाक नारळाला टेकेल न टेकेल अशी उभी केली. नारळ हलला नाही. जाळी विणणारे म्हातारे उठून उभे राहिले. मग नारळीपुनवेला त्यांनी होडीसारखी गाडीची पूजा केली, बावटा लावला आणि पुढची चाकं समुद्रात भिजवून आणली. त्यानंतर त्यांना थांबण्याचं वेड लागलं. आधी कुठेच थांबत नव्हते, आता सगळीकडे थांबायचे. कोंबडीसाठी थांबायचे, वासरासाठी थांबायचे, कुणी बघतंय असं वाटलं की नुसते थांबून दाखवायचे. नणंदेचं नाक दोनदा पुढच्या पत्र्यावर आपटलं. ती म्हणाली, “आधीचा बरा होता. निदान पुढं तरी जायचा.”

अशात माझे दिवस भरले. पुनव होऊन गेली होती, नवरा मासेमारीला बाहेर समुद्रात, गावातले पुरुष बहुतेक तिकडेच. सुईणीने हात टेकले तेव्हा पालघरची एसटी निघून गेली होती. भावजी दारात येऊन म्हणाले, “चला वयनी. एसटीच्या आधी पोचवतो.” एसटीला त्यांनी शिरगावच्या पुढे मागे टाकलंच. पण एवढे दिवस मुशीचं तेल त्या नळकांड्यातलं रबर आतून खात होतं. ते कुणाला कळणार? फाटक दिसलं, त्यांनी पाय दाबला, आणि पुढे काय झालं ते वर सांगितलंच आहे.

आता माझ्यासारखी बाई सांगते म्हणून विश्वास ठेवा. मोटार चालवणारा दुसरा कुणी असता तर आम्ही त्या बैलांवर तरी गेलो असतो नाही तर आगगाडीखाली. पण होडीला ब्रेक नसतो. भावजींनी जन्मभर बिनब्रेकचीच होडी किनाऱ्याला लावली होती. त्यांनी इंजिनाचा गिअर खाली खेचला, तशी गाडी किंचाळली. मग सुकाणू फिरवावं तसं चाक एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला फिरवलं. गाडी रस्त्याच्या कडांना शिवत नागमोडी चालली आणि वेग थोडा मोडला. ते सगळा वेळ शेतांकडे बघत होते, भाताचा रंग बघत होते. एका खाचरात भात जास्त हिरवं होतं, म्हणजे तिथे चिखल खोल. “वयनी, पोटाला हात लावा. बंदर आला,” ते म्हणाले आणि बांधावर तिरकी घेऊन त्यांनी गाडी त्या खाचरात सोडली. एक दणका बसला. पाणी माझ्या डोक्यावरून गेलं. गाडी दोन्ही बाजूंना भात झोपवत सरकत सरकत गेली आणि चिखलात रुतून, होडी किनाऱ्याला लागते तशी, हळूच टेकली. समोरून आगगाडी धडधडत निघून गेली. मला कळा येत होत्या, तरी माझ्या मनात आलं ते एवढंच, की काय माणूस आहे हा!

शेताची मालकीण विळा घेऊन धावत आली. “डोले फुटले काय रं? माजा भात!”

“ब्रेक लावला मावशी,” भावजी म्हणाले.

“माज्या शेतात लावतात ब्रेक?” मग तिला माझं पोट दिसलं. तिने विळा खाली टाकला, फाटकाशी उभ्या बैलगाडीवाल्याला हाक मारली आणि त्याच्या गवतावर मला चढवलं. फाटक उघडलं तशी आमची वरात दवाखान्याकडे निघाली. मी वर, नणंद चिखलाने माखलेली बाजूला आणि भावजी चष्मा लावूनच मागून पळत.

डॉक्टरीण बाईंनी पोट तपासलं आणि म्हणाल्या, मूल आडवं नाही, सरळ आहे. सुईणीची चूक होणं शक्य नव्हतं, आमचं अर्धं गाव तिच्याच हातून जन्माला आलं होतं. असं कधीकधी आपोआप फिरतं, असं बाई म्हणाल्या. बाहेर भावजींनी ऐकलं आणि लगेच जाहीर केलं, “आपोआप नाय. खाचरात मी फिरवला.” त्याच दिवशी मला मुलगी झाली, आणि ते पुढे मरेपर्यंत हेच सांगत राहिले.

गाडी बैल लावून बाहेर काढली. भावजींनी नळकांडं उघडलं तर रबराच्या वाट्या भिजलेल्या वालासारख्या फुगून फुटल्या होत्या. नणंद म्हणाली, “आता तरी पटला?” ते म्हणाले, “तेल चांगलाच हाय. रबर नाजूक.” पण नवं रबर बसवताना त्यांनी ब्रेकचंच तेल मागवून घातलं, आणि हाताचा ब्रेकही परत बसवला. मी मूल मांडीवर घेऊन बघत होते.

पुढे खाऱ्या हवेने गाडी खाल्ली. भावजी गेले. त्यांच्या मागोमाग नणंद गेली. तशी इंजिनाशी बोलणारी माणसं आता बंदरावर दिसत नाहीत, इंजिनं नुसतीच चालतात. त्या दिवशी मोटारीत आम्ही चौघं होतो, एक पोटातलं धरून. चौघंही जगलो. आज मी आहे, आणि ती मुलगी आहे.