समोरून वेचत ये

"पुढं जाऊ नको वं, माही ओळ राह्यली," माझी जोडीदार नसीम वेचणीत ओरडायची. मैत्रिणींनो, आमच्याकडे जोडीने कापूस वेचतात. जिची ओळ आधी संपते, ती समोरून दुसरीची वेचत येते.

आज लेकीने पाठवलेला छोटा गेम मोबाइलवर खेळले. गोष्टच ती, वाचायची आणि मध्येमध्ये उत्तर निवडायचं. भविष्यातलं झगमगतं शहर, एक एकटी मुलगी, तिच्याशी बोलणारं यंत्र. शेवटी यंत्राची बॅटरी संपत येते. पर्याय दोनच, 'निघून जा' किंवा 'थांब'. मी 'थांब' दाबलं. मुलगी त्याच्याजवळ बसून राहिली. गोष्ट संपली.

बोंडअळीने लागोपाठ काही वर्षं कापूस खाल्ला, तेव्हा नसीम आमचं वडनेर गाव सोडून सुरतेला शिलाईकामाला गेली. गेम संपल्यावर तिला फोन लावला. माझा आवाज ऐकताच ती म्हणाली,

"काऊन वं, रडून राह्यली का?"

"नाही. गेम खेळली."

"या वयात? पागल झाली का वं!"

दोघी हसलो.

उद्यापासून वेचणी आहे आणि आताच थकल्यासारखं वाटतंय. नसीम, तू ही पोस्ट वाचशीलच. सुट्टी मिळत नाही म्हणशील, तेही माहीत आहे. तरी ये. यंदा माझी ओळ राहिली आहे.