विमलबाईंच्या घरचा सण

पुनावळ्याच्या त्या सोसायटीत गेटजवळचा फळा लिहायचं काम उद्धवरावांकडं होतं. उदगीरहून आलेल्या या माणसाची सारी नोकरी चाकणच्या कंपनीत गेली. निवृत्त झाल्यावर या फळ्यानं त्यांना धरून ठेवलं. पाणी बंद, लिफ्ट बंद, दिवाळी, ईद, सगळं त्यांच्याच वळणदार अक्षरात.

नाताळाच्या आदल्या दिवशी त्यांनी 'नाताळच्या शुभेच्छा' लिहिलं, तसा सेक्रेटरी प्रीतम धावत आला. तो पुनावळे गावातल्याच जुन्या घरातला.

"काका, ग्रुपवर नुसती जुंपलीय. यशवंतराव म्हणत्यात, आपला सण न्हाई तर शुभेच्छा कसल्या? बाकीच्यांना पोरांसाठी सांताक्लॉज पायजे. तुमी आपलं 'सुट्टीच्या शुभेच्छा' लिहा, भांडणच नको."

उद्धवरावांनी फळा पुसला, पण मनाला ते लागून राहिलं. सोसायटीत ख्रिस्ती घर एकच, विमलबाईंचं. नगरकडच्या, नर्सची नोकरी केलेल्या, एकट्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

ते वर गेले तेव्हा बाई करंज्या लाटत होत्या. सगळं ऐकून हसल्या.

"शुभेच्छांवाचून माझं काही अडत नाही, भाऊ. पण त्या लाल टोपीवाल्याचं नवल वाटतं. वाढदिवस एकाचा आणि फोटो भलत्याचाच! देवाला जन्म घ्यायला गोठा चालला, आमचा नाताळ तेवढ्यासाठी. ते कुणालाच नको असतं."

सकाळी उद्धवरावांनी फळ्यावर लिहिलं, 'आज विमलबाईंच्या घरी येशूजन्माचा सण आहे.'

प्रीतमनं दोनदा वाचलं. "यात खोटं काय न्हाई," तो म्हणाला. "राहू द्या."

दुपारपासून लोक विमलबाईंकडं जाऊ लागले. कुणी फुलं नेली, कुणी नुसतेच गेले. संध्याकाळी दारात यशवंतराव उभे.

"शुभेच्छा द्यायला नाही आलो," ते अवघडून म्हणाले. "शेजारी म्हणून आलोय."

"मग शेजाऱ्यासारखं आत या की!"

ते बसले. करंजी खाताना त्यांनी गोठ्याचं विचारलं, आणि बाईंनी जन्माची सगळी गोष्ट सांगितली. पटल्याचं काही ते बोलले नाहीत. पण शेवटपर्यंत ऐकून उठले.

तोवर करंज्यांचे डबे रिकामे झाले होते. बाईंनी दारात उभ्या उद्धवरावांकडं मोर्चा वळवला.

"सगळ्या सोसायटीला आवतण दिलंत, मला विचारलंत? बसा आता लाटायला!"

उद्धवराव निमूट बसले. त्यांची पहिलीच करंजी तेलात फुटली.