व्हिएतनामचा म्हातारा आणि माझी जीभ

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर माझा हात लवकर परत आला, त्याच्या मागून पाय आला. जीभ मात्र मागे राहिली. शब्द डोक्यात तयार असायचा, पण तोंडापर्यंत यायला त्याला वेळ लागायचा. डॉक्टरांनी सांगितलं, रोज मोठ्याने वाचा. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा इंग्रजीच वाचायचं ठरवलं. पण पुस्तक घाई करत नाही, आणि मला घाई करणारं काहीतरी हवं होतं. म्हणून तुम्ही मुलांनी मागच्या सुट्टीत जोडून दिलेल्या टीव्हीवर मी परदेशी चित्रपट लावू लागले. खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी मोठ्याने वाचायच्या, दुपारच्या चहाआधी, नेमाने.

त्या ओळी कुणासाठी थांबत नाहीत. माझा पहिला शब्द होईपर्यंत पडद्यावरची माणसं पुढचं भांडण सुरू करायची. मग एकदा एक व्हिएतनामी चित्रपट लागला. त्यात एक म्हातारा बाप होता. तो वाक्याच्या मध्येच थांबायचा, ओठाची एक बाजू ओढून पुढचा शब्द आणायचा. त्याची ओळ पडद्यावरून जायच्या आत माझी जीभ तिथे पोचली. मी तोच चित्रपट दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, आणि मग त्या नटाचे सगळेच शोधून काढले.

शेजारची वहिनी रोज ओटीवरून विचारायची, "बाईनू, तुमचो चिनी म्हातारो इलो काय?"

"चिनी नाय गो. व्हिएतनामचो."

"असांदे. पण जेवलेलो दिसणा नाय."

त्याच्या मुलाखती इंग्रजी ओळींसकट मिळाल्या, त्यांतून त्याचं आयुष्य कळलं. त्याचं गाव समुद्रकाठी, घरचा धंदा मासे मिठात मुरवून त्यांचं पाणी विकण्याचा. पोरवयात तो नावेतून गावोगाव फिरणाऱ्या संगीत नाटकमंडळीत गेला. युद्धात सैनिकांपुढे गायला. नंतर चित्रपटात आला तो खलनायक म्हणून: दुष्ट जमीनदार, फितूर कारभारी. बाजारातल्या बायका त्याला मासळी द्यायच्या नाहीत, आणि याचा त्याला अजून अभिमान आहे. पुढे नाव झालं. आणि मग माझ्यासारखाच झटका आला.

निर्माते येईनासे झाले. एक दिग्दर्शक आला, तो म्हणाला, तुम्ही फक्त उभे राहा, आवाज दुसऱ्याचा घालू. तिकडे डबिंगची जुनीच रीत आहे. यानं नकार दिला. तोंड माझं तर आवाजही माझा, नाहीतर दुसरा म्हातारा शोधा. मी पाहिला तो बाप म्हणजे त्या नकाराचं फळ.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याच्या भाषेतले स्वर आपल्या लिपीत बसत नाहीत, आणि चुकीचं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं.

त्याच सुमारास आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष घरी आले. माझाच जुना विद्यार्थी. वार्षिक सभेत 'माझा आवडता कलावंत' यावर दरवर्षी कोणीतरी बोलतं. यंदा मी नाव दिलं होतं.

"बाई, तुम्ही फक्त लिहून द्या," तो म्हणाला. "ग्रंथपाल वाचून दाखवील. तुम्ही शेजारी बसा, शाल-श्रीफळ घ्या."

"शाली माझ्या कपाटात पुरेशा आहेत."

"लोकांना कळायला हवं ना, बाई. आणि विषय तरी आपल्यातला घ्या. दशावतारातला राजा घ्या, पिंगुळीचा चित्रकथी घ्या. हा कोण?"

"तो कोण हे सांगायलाच मी उभी राहणार आहे."

त्यानं चहा संपवला आणि म्हणाला, "शाळेतही तुम्ही असंच करायचात."

सभेच्या दिवशी आधी गाऱ्हाणं झालं. तुम्हाला आठवत असेल, एक जण देवाला मागणं सांगतो, जरा थांबतो, आणि बाकीचे होकार भरतात. गाऱ्हाणं घालणारा माझ्याच वयाचा. "बा देवा म्हाराजा, आज आमची बाई बोलूक उभी रवता, तिच्या जिभेक बळ दी, काय चुकला तर सांभाळून घे."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

मी उभी राहिले. "हा नट..." म्हणाले, आणि पुढचा शब्द अडला. तेवढ्यात मागून कोणीतरी निव्वळ सवयीनं म्हणालं, "होय म्हाराजा." त्याच्या मागून सगळी सभा म्हणाली. मग हसू फुटलं. अध्यक्ष अर्धवट उठला, त्यानं माईककडे हात केला.

मी माईक सोडला नाही. "गाऱ्हाणं संपलं," मी म्हणाले, आणि हे म्हणायलाही मला बराच वेळ लागला. "आता माझं वाक्य चालू आहे. ते संपेपर्यंत थांबायचं."

ते थांबले. वर्गात थांबायचे तसे. मी पुन्हा अडले तेव्हा वहिनीनं "होय" पर्यंत येऊन पुढचं गिळलेलं मला स्पष्ट दिसलं. मी मासळीचं पाणी सांगितलं, नावेतली नाटकमंडळी सांगितली, बाजारातल्या बायका सांगितल्या, त्यावर पहिल्या रांगेतली एक बाई म्हणाली, "बरा केल्यानी." डबिंगचं सांगताना मी अध्यक्षाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली नाही, माझ्याकडेच पाहत राहिला. विद्यार्थी माझा.

घरी येताना वहिनीनं विचारलं, "मगे तो बरो झालो? बोलूक लागलो नीट?"

"नाय गो. तसोच बोलता. पण बोलता."

हे सगळं तुम्हाला लिहिण्याचं कारण आपला रविवारचा व्हिडिओ कॉल. माझा शब्द अडला की तुम्ही तो पटकन पुरवता. प्रेमानं करता, मला माहीत आहे. धाकटीला तर वाटतं चित्र गोठलं, ती फोन बंद करून पुन्हा लावते. यापुढे हे करू नका. चित्र गोठलेलं नसतं. मी वाक्याच्या मध्ये असते, आणि शेवटपर्यंत पोचते.