कुत्री न आवडणाऱ्या ताई

“मला कुत्री आवडत न्हाईत, बगा.”

ताईंच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा त्या अंगणात पाय पसरून बसल्या होत्या, मांडीवर एक कुत्रं आडवं झालं होतं आणि त्याच्या कानातले गोचीड त्या चिमट्यानं काढत होत्या. मी भिंतीपलीकडून नुसताच “बरं बरं” म्हणालो आणि घरात आलो. बायकोला म्हटलं, शेजारी बाई राहायला आल्यात, पण काही अंदाज लागत नाही. तो पुढं इतकी वर्षं लागला नाही.

आता मी कोण, तर सोलापुरात नवी पेठेत माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर. माणूस ओळखणं हा आमचा धंदाच. ‘नुसतं बघतेय हो’ म्हणणारी बाई हमखास घेऊन जाते आणि ‘हाच पाहिजे होता’ म्हणणारी दुसऱ्या दिवशी बदलायला येते, हे मी दुकानाच्या पायरीवरूनच सांगू शकतो. त्यामुळं ताई काय आहेत हे मला कळू नये, याचा मला फार राग यायचा.

ताई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. मूळच्या मंगळवेढ्याकडच्या. नवरा कधीच गेलेला, मुलगी लग्न होऊन पुण्याला. घरात सामान बेताचंच, कपाटावर बुद्धाची छोटी मूर्ती, आणि अंगणात कायम एक कुत्रं. एक म्हणजे एकच. गावाबाहेर जखमी आणि बेवारशी कुत्र्यांचा एक निवारा आहे. तिथं जागा पुरत नाही, म्हणून बरं होत आलेलं कुत्रं काही आठवडे कुणाच्या तरी घरी सांभाळायला देतात. तोवर त्याला कायमचं घर शोधायचं. ते मिळालं की हे कुत्रं तिकडं आणि निवाऱ्यातलं पुढचं ताईंकडं.

हे का करतात, असं गल्लीत प्रत्येकानं त्यांना विचारलं होतं आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळालं होतं. भाजीवालीला त्या म्हणाल्या, डॉक्टरनं चालायला सांगितलंय, कुत्रं असलं की चालणं हुतं. माझ्या बायकोला म्हणाल्या, घरात काहीतरी हलतंय असं दिसलं पायजे. मला मात्र एकच, कुत्री आवडत न्हाईत.

“मग पाळता कशाला?” मी एकदा चिडूनच विचारलं.

“पाळती कुटं? वार्डातलं पेशंट आवडतंय म्हणून आपण ठिवून घेतो का? बरं झालं की घरी लावून द्यायचं. खाट रिकामी झाली पायजे की.”

हे मला पटलं. दुपारी दुकानात बसल्यावर मात्र आठवलं, की सकाळी त्या याच पेशंटला स्वतःच्या ताटातली भाकरी दुधात कुस्करून भरवत होत्या. मग परत घोटाळा झाला.

संध्याकाळी कधीकधी त्या कुत्र्याला घेऊन माझ्या दुकानासमोर येऊन उभ्या राहायच्या. नवी पेठेतली ती गर्दी, रिक्षांचे हॉर्न, आणि मधोमध ताई, साखळी हाताला गुंडाळून. माझ्याकडं मॅचिंगसाठी थांबलेल्या बायका कुत्र्याकडं बघून ‘अगं बाई, किती गोड’ म्हणाल्या, की ताईंचं सुरू. घरी कोण कोण हाय? दुपारच्याला घरात माणूस असतंय का? फाटकाला कडी हाय का नुसतंच लोटलेलं? दिवाळीला गावाला जाता तवा घर कुणावर टाकता?

बाई जरा रमली, की ताई कुत्र्याचे दोष सांगायला लागायच्या. ही चपला खाती. ह्याला पावसाचा आवाज सोसत न्हाई, पलंगाखाली मुततंय. माझा जीव वरखाली व्हायचा. अहो, माल दाखवताना त्यातली विरलेली जागा कुणी आपण होऊन दाखवतं का? पण गंमत अशी, की दोष ऐकूनही ज्या बाईचा हात कुत्र्याच्या डोक्यावरून निघायचा नाही, ती पुढच्या आठवड्यात नवऱ्याला घेऊन यायची. एकदा मोठ्या गाडीतून एक गृहस्थ आले. शेतातल्या बंगल्याला राखणीला कुत्रं हवं म्हणाले. ताईंनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, “राखणीला कुलूप घ्या. चांगलं मिळतंय.”

घर ठरलं की ताई कुत्र्याला घेऊन स्वतः रिक्षानं जायच्या. एकदा त्यांनी मलाही सोबत नेलं, होटगी रोडला एका शिक्षकांच्या घरी. तिथं त्यांनी बाथरूमची फरशी पायानं घासून बघितली, गच्चीचा कठडा बघितला आणि मग एका कोपऱ्यात जुन्या चादरीचा तुकडा अंथरला. आपली सोलापुरी चादर, विटलेली, कुत्र्याच्या वासानं कुबट झालेली. शिक्षकांची बायको नाक मुरडून म्हणाली, मी धुऊन घेते. ताईंनी तिचा हातच धरला. “धुवायची न्हाई. तिचा वास हाय त्यात. ती आपण होऊन सोडंल तवा टाका.” मग आम्ही सगळे वाट बघत बसलो. कुत्री घरभर हुंगत फिरली आणि शेवटी वाटीतलं पाणी प्यायली. ताई तशाच उठल्या. “पाणी प्याली, घर झालं.” आणि मागं वळून न बघता रिक्षात बसल्या. वाटेत मी काहीतरी बोलत होतो. त्यांचं लक्ष नव्हतं. पदरानं त्या चष्मा पुसत होत्या आणि तो पुसून संपतच नव्हता.

आणखी एक. त्या कुत्र्यांना नावं ठेवत नसत. नुसतं ‘ए बाळा’. नाव घरच्यांनी ठिवायचं, आपण कोण, असं म्हणायच्या.

कधी गावाला जायचं झालं तर कुत्रं आमच्या अंगणात बांधून जायच्या. पहिल्या वेळी ते रात्रभर कण्हलं. पुढच्या वेळी मी म्हटलं, ताई, ती चादर तरी देऊन जा. त्या एकदम कडक झाल्या, वॉर्डात होत असतील तशा. “चार दिसाला चादर द्यायची नसती. चादर दिली की त्याला वाटंल, झालं, ही आता येत न्हाई. कायमचं जायचं असंल तवाच चादर.” मला हे शास्त्र काही कळलं नाही. पण नर्सशी वाद कोण घालणार?

अशा सगळ्यात ती कुत्री आली. म्हातारी, मागचा एक पाय वाहनाखाली सापडून वाकडा झालेला, डाव्या डोळ्यात फूल पडलेलं. रंग ओळखण्यात माझी हयात गेली, पण हिचा रंग मला सांगता येईना. उन्हात बदामी म्हणावा, तर सावलीत गेली की कथ्था. मी भिंतीवरून तिच्याकडं बघत बसायचो आणि ती एका डोळ्यानं माझ्याकडं.

तिला कुणी नेईना. एकांनी नेली आणि परत आणली, दिवाणखान्यात घाण करते म्हणून. दुसऱ्यांनी नेली, तर तिथं ती दाराकडं तोंड करून बसून राहिली, पाणीसुद्धा प्यायली नाही. दर वेळी ताई तोच चादरीचा तुकडा घेऊन जायच्या आणि घडी घालून परत आणायच्या. परत आली की कुत्री ताईंच्या पायांत असं डोकं घालायची, की बघवत नसे. खाट अडली होती. निवाऱ्यातून सारखे फोन येत होते, तिकडं पिल्लं पावसात भिजत होती.

मी सांगून बघितलं. “ताई, आता हिला ठेवूनच घ्या. हे घर तिनं धरलंय.”

“मी ठिवू? अन् माझं काय झालं तर ही कुटं जाईल? म्हाताऱ्या जिवाला परत निवारा?” मग थोड्या वेळानं, “आणि मला कुत्री आवडत न्हाईत.”

त्याच सुमाराला ताई मला विचित्र प्रश्न विचारायला लागल्या होत्या. दुपारी दुकान बंद करून घरी येता की तिकडंच डबा खाता? तुमच्या मोरीची फरशी निसरडी हाय का? दिवाळीला फटाके आणता का हो? वहिनींची झोप जागसूद हाय का? एकदा तर फाटकाची कडी वरखाली करून बघितली आणि ‘बसती नीट’ म्हणून निघून गेल्या. मी बायकोला म्हटलं, ताईंचं वय झालं, काहीबाही बोलतात. बायको म्हणाली, एकट्या असतात, बोलायला विषय नको का? आम्ही दोघांनी मिळून हा असा निष्कर्ष काढला. तुम्ही हसताय ते मला दिसतंय. तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं.

मग एके दिवशी ताई बॅग घेऊन आल्या. छातीत जरा दुखतंय, लेक पुण्याला दाखवायला बोलावतीय, चार दिवसांत येते म्हणाल्या. कुत्रीची साखळी माझ्या हातात दिली आणि एक पिशवी बायकोच्या. पिशवीत वाटी होती, औषध होतं, आणखीही काही होतं. रिक्षा सुरू झाली. कुत्री ओढ घेऊन कण्हत होती. ताईंनी मागं वळून बघितलं नाही. मला वाटलं, मान धरली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत बायकोनं बादली भरली, त्यात पावडर टाकून फेस केला आणि म्हणाली, “शी, काय वास येतोय हिला. भिजवून टाकते.” मी दात घासत होतो. तिच्या हातात तो चादरीचा तुकडा होता.

“थांब!” मी ओरडलो. तोंडातला सगळा फेस अंगावर.

“अहो, काय झालं?”

मी तिच्या हातातली चादर घेतली आणि उंबऱ्यावर बसलो. फाटकाची कडी आठवली, मोरीची फरशी आठवली, फटाके आठवले. गिऱ्हाईकाला ताई जे जे विचारत, ते ते सगळं त्यांनी मला विचारून झालं होतं, आणि मी दुकानदार असून मला कळलं नव्हतं, की या वेळचं गिऱ्हाईक मीच आहे. आणि मग ताईंचं ते कडक बोलणं आठवलं. चार दिवसांसाठी चादर द्यायची नसते.

मी ताईंना फोन लावला.

“पाणी प्याली का?” त्यांनी पहिल्यांदा तेच विचारलं.

“प्यायली. काल संध्याकाळीच. ताई, तुम्ही परत कधी येताय?”

“नाव ठिवलं का?”

“तुम्ही आल्यावर ठेवू की.”

“माझं काय काम त्यात? नाव घरच्यांनी ठिवायचं.” आवाज दमलेला होता. मग म्हणाल्या, “पाय गार पडतो तिचा थंडीत. तेवढं बगा.” आणि लेकीनं फोन घेतला.

ताईंचं आणि माझं ते शेवटचं बोलणं. पुण्यात हृदयाचं ऑपरेशन करावं लागलं, त्यानंतर त्या शुद्धीवर आल्याच नाहीत.

मी नाव ठेवलं नाही. बायकोनं दोन-चार सुचवली, मी उडवून लावली. का, ते मला नीट सांगता येणार नाही. नाव ठेवलं म्हणजे ताई आता येत नाहीत, हे मी कबूल केलं, असं काहीतरी वाटायचं. ‘ए’ म्हणत होतो, भागत होतं. चादर मात्र तशीच होती. तिच्यात डोकं घातल्याशिवाय कुत्री झोपत नसे.

काही आठवड्यांनी ताईंची मुलगी घर रिकामं करायला आली. सामान टेम्पोत चढलं. ती कुलूप हातात घेऊन उभी होती, तेवढ्यात कुत्री आमच्या फाटकाखालून सरपटत निघाली आणि लंगडत थेट त्या घरात शिरली. मी मागोमाग धावलो. रिकाम्या खोल्या तिनं एकेक करून हुंगल्या. मग स्वयंपाकघरात, जिथं ताई पोळ्या लाटायला बसायच्या, तिथं जाऊन अंग टाकलं आणि दाराकडं बघत राहिली. मी ‘ए’ म्हटलं. हलली नाही. चुचकारलं, हलली नाही. मुलीच्या हातात कुलूप तसंच. तिच्याकडं बघवेना आणि कुत्रीला काय म्हणून हाक मारावी हेही समजेना. तेव्हा जे तोंडात आलं ते आलं.

“बदामे, चल. घरी चल.”

कुत्रीनं कान उचलला. थोडा वेळ तशीच बसली, मग वाकडा पाय सावरत उठली आणि माझ्या पायाशी येऊन उभी राहिली.

मुलगी रडत होती आणि हसतही होती. “आई म्हणाली होती,” ती म्हणाली, “काकांना गिऱ्हाईकाचं लगेच कळतं, स्वतःचं जरा उशिरानं कळतं. तोवर चादर धुऊ नका म्हणावं.” मग डोळे पुसत तिनं विचारलं, “तुम्हाला आवडतात वाटतं कुत्री?”

मी वाकून बदामीच्या अंगाला लागलेली धूळ झटकली. मी तिला घेऊन बाहेर आलो. दुपारचं ऊन अंगणात उतरलं होतं. त्यात ती माझ्यापुढं चालत होती, आणि खरोखरच बदामी दिसत होती.